रान बदलावं, खूण बदलू नये

मायाप्पानाना माती हुंगून पिनकोड सांगायचा. यात अतिशयोक्ती असलीच तर रुपयाला चार आणे. उरलेले बारा आणे मी बिरोबाची शपथ घेऊन सांगतो. डोळे मिटलेल्या नानाच्या नाकाखाली चिमूटभर माती धरायची. तो आधी गाव सांगायचा, मग शिवार, मग मालकाचं नाव, आणि त्या मालकाचं नि त्याच्या भावाचं बांधावरून बोलणं बंद आहे का चालू, तेही. एकदा आमच्या गल्लीतल्या एकानं मुद्दाम कुंडीतली माती आणून धरली. नानानं ती दोनदा हुंगली. मग म्हणाला, "हिला गाव न्हाई. बिचारी भाड्यानं ऱ्हाती."

नानाला जाऊन आता वर्ष होत आलं. लोक अजून मला विचारतात, "मास्तर, त्या मेंढरंवाल्या म्हाताऱ्याची वेबसाइट तुम्हीच केली ना?" मी हो म्हणतो, कारण खोटं बोलायची मला सवय आहे. खरं असं आहे की वेबसाइट नानानं केली. मी ती फक्त बिघडवली.

विट्यात एसटी स्टँडच्या मागं, जिन्यानं वर, माझा कॉम्प्युटर क्लास आहे. सोळा कॉम्प्युटर, त्यातले अकरा चालू, त्यातले सात मनापासून. श्रावणातल्या एका दुपारी नाना तिथं उगवला. खांद्यावर काळं घोंगडं, डोक्याला लाल पागोटं, हातात त्याच्यापेक्षा वीतभर उंच काठी. मागं सून सुमन. दारातच थांबून त्यानं एकदा हवा ओढली आणि जाहीर केलं, "पानी लांब हाय हितं." आमची बोअर आदल्याच आठवड्यात आटली होती.

मग तो आत येऊन खुर्ची सोडून फरशीवर बसला. "मास्तर, मला एक मुक्काम बघून द्या."

"कुठला, नाना?"

"त्यो वरचा." त्यानं पंख्याकडं बोट केलं. "सुमन म्हनती, तितं एकदा ठिवलं की कुठनं बी दिसतंय."

"मामांस्नी वेबसाइट पायजे," सुमननं उलगडून सांगितलं.

आमच्या पूर्वेच्या कोरड्या भागातली मेंढरं दसरा-दिवाळी झाली की पश्चिमेला निघतात. कराड, पाटण, घाट, आणि खाली कोकण. वाटेत रोज कुणाच्या ना कुणाच्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य. पण कुठल्या रानात बसवायचं हे ठरवायला एक माणूस मेंढरांच्या एक दिवस पुढं चालतो. तो पाणी बघतो, मालक बघतो, पिकावर औषध फवारलंय का बघतो. नाना पन्नास वर्षं तो पुढं चालणारा माणूस होता. सगळ्यांचा आज असायचा तेव्हा नानाचा उद्या असायचा. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो आदल्या दिवशीच पोचला, आणि जागा बघून, पाणी बरं नाही म्हणून, मांडव शंभर पावलं सरकवायला लावला.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर नाना वस्तीवर बाजेवर बसला आणि फोनवरून पुढं चालायला लागला. दिवसभर फोन वाजायचा. "नाना, नदी वलांडली. आता कुठं बसवू?" नाना डोळे मिटून सांगायचा.

एका साली तो फोन पाण्याच्या हंड्यात पडला. नेमका त्याच दिवशी नानाचा धाकटा भाऊ भिवा मेंढरं घेऊन तिठ्यावर उभा होता. पाटणच्या अलीकडं रस्ता फुटतो. उजवीकडं नवा रस्ता आणि कडेनं हिरवीगार रानं, डावीकडं नदीच्या अंगानं जाणारी जुनी वाट, दिसायला उजाड. भिवानं आठ वेळा फोन लावला. लागला नाही. मग त्यानं हिरवं बघितलं आणि उजवीकडं वळवलं. ते रान आदल्या दिवशी फवारलेलं होतं. किती मेंढरं उठली नाहीत, ते नानानं मला कधीच सांगितलं नाही. मेंढरू मोजून सांगायचं नसतं. मेलेलं तर नाहीच. भिवानं काठी तिथंच टाकली. आता तो तिकडं तामिळनाडूत, विट्याच्याच कुणाच्या तरी गलाई दुकानात सोनं वितळवतो. गावाकडं येत नाही.

"मी एक हाय," नाना म्हणाला, "आन फोन बी एक. दोनी कवातरी पान्यात पडायचंच. वाट कुठंतरी ठिवाय पायजे."

मग तीन आठवडे नाना रोज यायचा आणि मुक्काम सांगायचा. टायपिंगच्या पोरी टाइप करायच्या. नाना भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचा आणि चालायला लागायचा. "आता हितनं उतरनी. पायाला गार लागंल. डाव्या अंगाला जांभळ हाय, तिच्या बुडाला पानी. मान्सानं प्यावं, मेंढराला पाजू न्हाई. फुडं टेकाडावर चढला की दोन घरं. पयल्या घरात इचारू नका, दुसऱ्या घरातली म्हातारी चांगली हाय." तिसऱ्या मुक्कामापर्यंत माझ्या क्लासात धुकं उतरायचं. कीबोर्ड ओले लागायचे. मूळची इस्लामपूरची एक पोरगी, जिनं मेंढरू कधी पुढून बघितलेलं नव्हतं, ती टाइप करता करता उठली, सलवार वर धरली, फरशीवरचा ओढा ओलांडला आणि पलीकडच्या खुर्चीवर बसून पुढचं वाक्य टाइप करू लागली. कुणीच हसलं नाही. आम्हा सगळ्यांना तो ओढा दिसत होता. मी एकदा खिडकी लावायला उठलो तर खाली स्टँडवरच्या एसट्या दाटीनं, माना खाली घालून, एकमेकींना टेकून उभ्या होत्या. कुणीतरी शीळ घातली आणि त्या सगळ्या एकदम पश्चिमेला वळल्या. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

लिहून झालं. आता ठेवायचं कुठं?

मी नानाला समजावलं की दोन वस्तू घ्याव्या लागतात. एक नाव, म्हणजे डोमेन, ज्या नावानं लोक हाक मारतात. ते नोंदवून देणारे असतात. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग, जिथं आपलं लिहिलेलं राहतं. ती देणारे असतात. माझं वाक्य अर्ध्यात असतानाच नानाला कळलं.

"म्हंजे खूण आन रान."

मेंढराच्या कानाला जी चीर असते ती खूण. घराण्याची, जन्मात न बदलणारी. रान मात्र रोज नवं.

"रान बदलावं, मास्तर. खूण बदलू न्हाई. आन दोनी एकाच्या हातात देऊ न्हाई."

जागा देणाऱ्या कंपन्यांना नानानं स्वतः फोन लावले. मी म्हटलं, "किती जीबी, किती वेग, ते विचारा."

"त्ये तर समदंच चांगलं सांगत्यात. कुठला मालक म्हंतो, माझी हीर आटलीया?"

त्याचा प्रश्न एकच होता, आणि नाना तो वाटेवरच्या हिंदीत विचारायचा: "आने का हम देखेंगे. जाना हुआ तो जाने देती क्या?"

पहिल्या कंपनीनं थांबा म्हणून फोनवर गाणं लावलं. नाना अर्धा तास मान डोलावत ऐकत बसला आणि म्हणाला, "गळा चांगला हाय, पन घरात कोन न्हाई." दुसऱ्या ठिकाणचा साहेब म्हणाला, "सर, आप जाना क्यों चाहते हैं?" नानानं फोन ठेवला. "आजून आलो बी न्हाई, तर का जातूस म्हंतोय. ह्यो आत घेतल्यावर काट्याची कुपाटी लावनारा मालक." तिसऱ्यानं विचारलं, रोज किती माणसं बघतील? नाना म्हणाला, मोजून सांगायचं नसतं. त्यानं पुन्हा विचारलं. नानानं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नाना सुमनला म्हणाला, "ह्येची नजर वाईट हाय."

चौथा फोन इंदूरच्या एका पोरीनं उचलला. प्रश्न तिनं नीट ऐकून घेतला. मग म्हणाली, "जाने देंगे, काका. एक बटन है, दबाया कि सारा सामान आपके हाथ में." तेवढ्यात तिच्या मागं कुत्रं भुंकलं. ती घरूनच काम करत असावी. ओशाळून माफी मागायला लागली. नानाचा चेहरा मात्र उजळला.

"कुत्रं हाय, मास्तर! ज्या वस्तीवर कुत्रं भुकत न्हाई तितं उतरू न्हाई. हितंच बसवायची."

आता इथं माझा प्रवेश. शहाणपण दाखवायची संधी मी आयुष्यात सोडलेली नाही. त्या पोरीकडं नाव वेगळं घ्यावं लागत होतं. आणि मी दुसऱ्याच एका कंपनीचं पॅकेज बघून ठेवलं होतं. जागा आणि नाव एकत्र, पहिल्या सालाला नाव फुकट.

"नाना, जग बदललं. आता खूण आणि रान एकाच दारात मिळतं. खूण तर फुकटच."

"फुकट खूण कोन देतं, मास्तर?"

"आवं, सगळे देतात."

नाना काठीच्या टोकाकडं बघत राहिला. तो शाळेची पायरी न चढलेला माणूस. मास्तर या शब्दापुढं त्याची काठी आपोआप खाली व्हायची. "मास्तर म्हनत्यात म्हंजे आसंल," तो म्हणाला.

दसऱ्याला आम्ही ते पॅकेज घेतलं, नावासकट. नानानं मॉनिटरवर भंडारा उधळला. त्या कॉम्प्युटरच्या पंख्यातून पुढं वर्षभर पिवळा वारा यायचा. फॉर्म मी भरला. मालकाचं नाव, ईमेल, मोबाईल. नानाकडं ईमेल नव्हता, सुमनचा फोन त्या दिवशी बंद होता, म्हणून मी माझंच नाव टाकलं. तात्पुरतं. आमच्याकडं तात्पुरता म्हणून ठोकलेला पत्रा नातवंडं बघतात.

पहिलं साल सोन्यासारखं गेलं. पानावर चित्र नव्हतं, रंग नव्हता, नुसती अक्षरं. त्यामुळं घाटात रेंजची एक काडी असली तरी ते उघडायचं. सुमन मेंढरांच्या पुढं चालायची आणि मुक्काम वाचायची. प्रत्येक मुक्कामाखाली नानानं एकच ओळ घालायला लावली होती: निघताना चूल विझवा, मालकाला रामराम घाला. इकडं बाजेवरचा फोन वाजायचा थांबला. नाना तासातासाला तो उचलून कानाला लावायचा. "मेला का काय बघतूया," म्हणायचा.

पुढच्या भादव्यात मी म्हटलं, "नाना, मुदत संपत आली. पुढच्या सालाचे भरूया?"

"त्याच रानात?"

"हो."

"न्हाई बा. एका रानात लागोपाठ दोन सालं बसवायची न्हाईत. रान थकतं आन मालक माजतो. त्या कुत्र्यावालीकडं जाऊया."

मला ते पटलं. मी बटन दाबून सामान उतरवलं, इंदूरच्या पोरीकडं नेऊन मांडलं आणि जुन्या कंपनीचं पॅकेज सोडून दिलं. खूण त्याच पॅकेजमध्ये शिवलेली आहे, हे मी विसरलो. कंपनी विसरली नव्हती. तिनं मला अकरा पत्रं धाडली होती. ती माझ्या ईमेलमध्ये, न उघडलेल्या चौदा हजार पत्रांच्या गर्दीत, शांत झोपली होती.

दसरा झाला, मेंढरं निघाली, आणि तिसऱ्या दिवशी सुमनचा फोन आला. "मास्तर, पान कोरं हाय."

नाना क्लासात येऊन बसला. मी घसा खाकरून सांगितलं, "नावाची मुदत संपली. पण ते लगेच दुसऱ्याला जात नाही. थोडे दिवस अडकवून ठेवतात. दंड भरला की सुटतं."

"कोंडवाडा म्हना की!" नाना एकदम खूश झाला. इंटरनेट पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोललं होतं. "चला मग, सोडवून आनू. मालक म्हनून मी हुबा ऱ्हातो."

"मालक तुम्ही नाही, नाना."

"मग कोन?"

वर पंखा फिरत होता. "मी," मी म्हणालो.

नाना शिवी देईल म्हणून मी वाट बघितली. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं नुसता हात वर नेला आणि स्वतःच्या कानाची पाळी अंगठ्यानं चाचपली.

"माझ्या मेंढराच्या कानाला तुमची चीर हाय व्हय, मास्तर?"

मी कीबोर्ड पुढं ओढला आणि दंडाचा फॉर्म उघडला.

"किती दिस लागत्याल?"

"आठ-दहा. कागद पाठवायचे आहेत."

"मेंढरं चार दिसांत तिठ्यावर येत्यात." एवढं बोलून तो काठीवर भार देत उठला आणि जिना उतरून गेला.

तो वस्तीवर गेलाच नाही. खालच्या स्टँडवरून जी पहिली कराडची एसटी मिळाली तिच्यात बसला, तिथून पाटणची धरली आणि तिठ्यावर उतरला. तिथं एक चिंच आहे. तिच्या बुडाला एका दगडावर घोंगडं टाकून बसला. फोन दुसऱ्या दिवशी संपला, चार्ज करायला जागा नव्हती. मग नाना स्वतःच वेबसाइट झाला. कळप येत गेले. प्रत्येकाला तो तिठ्यापासून समुद्रापर्यंतचे सगळे मुक्काम ओळीनं, एक शब्द न चुकता, सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, निघताना चूल इझवा, मालकाला रामराम घाला. ऐकणारी माणसं डोळे मिटायची, मेंढरंही मिटायची. उसाचे ट्रॅक्टरवाले तिथं थांबून वाट विचारू लागले. सासरी निघालेली एक नवरी विचारून डावीकडं गेली, ती म्हणे सुखात आहे. सुमन तर सांगते की कोयनेचं पाणीसुद्धा तिथं क्षणभर थबकायचं, आणि मग पुढं जायचं. सुमन माझ्यासारखी नाही. तिला थापा मारता येत नाहीत.

त्या साली एकही कळप उजवीकडं गेला नाही.

दहाव्या दिवशी नाव सुटलं. फोन बंद, म्हणून मी स्वतः तिठ्यावर गेलो.

"नाना, सुटलं."

"दंड कुनी भरला?"

"मी."

"ब्येस. ज्याची खूण त्याचा दंड." आणि मग घोंगड्याची घडी सरकवून त्यानं मला दगडावर जागा करून दिली. त्याच्या फडक्यात भाकरी होती, तिची अर्धी माझ्या हातात ठेवली. भाकरीला धुराचा वास होता. एवढी गोड क्षमा मी पुन्हा खाल्ली नाही.

"आता खूण तुमच्या नावावर करतो," मी म्हणालो.

"माझ्या नगं. सुमनच्या कर." नानानं मला पहिल्यांदाच एकेरीत घेतलं. "खूण चालत्या मान्साच्या नावानं आसावी. आन धा सालांची कर. पयलं रान सोडलं तसं ह्ये बी सोडाय यायला पायजे, पन खूण तितं ऱ्हायला नगं."

तसंच केलं. नाव सुमनचं, नोंदणी एकीकडं, जागा दुसरीकडं. नियमाप्रमाणं नोंदणी हलवायला पुढं बरेच दिवस गेले, पण पान त्याच संध्याकाळपासून उघडायला लागलं. मी माझ्या फोनवरून इंदूरला फोन लावून दिला. पोरीनं आवाज ओळखला. "काका, भेड़ें कैसी हैं?" नाना म्हणाला, "अच्छी हैं. तुमारा कुत्ता कैसा है?"

त्याच्या पुढच्या, म्हणजे नानाच्या शेवटच्या साली, त्याला तिठ्यावर जायचं काही कारण नव्हतं. पान चालू होतं, कोंडवाडा रिकामा होता. मी चिपळूणला एका लग्नाला निघालो होतो. कार्तिकातलं धुकं इतकं दाट, की कंडक्टर तिकिटं फाडून हातानं चाचपत देत होता. तिठ्यापाशी मेंढरांनी एसटी अडवली. मी खिडकीची काच सरकवली. चिंचेखाली दगडावर नाना बसला होता, आणि समोर सुमन उभी होती, हातात फोन.

"काय म्हंतोय त्यो?"

"डावीकडं म्हंतोय, मामा."

"मग मला का इचारतीस?"

"तुमी बसलाय म्हनून इचारलं."

नाना हसला. मी हाक मारली, पण ती धुक्यातच कुठंतरी मुक्कामाला बसली. मेंढरं डावीकडं वळली, न मोजता येण्याएवढी, पांढऱ्यात काळी. शेवटचं कोकरू गेलं. मग आमच्या गाडीकडं न बघताच नानानं काठी उचलली आणि डावीकडं धरली.

आमची एसटी उजवीकडची होती. ड्रायव्हरनं काठीकडं बघितलं, समोरच्या धुक्याकडं बघितलं, आणि डावीकडं घेतली. गाडी वऱ्हाडानं गच्च भरलेली होती, मुहूर्त जवळ आला होता, तरी कुणी एक शब्द काढला नाही. ती जुनी वाट फिरून फिरून पुढं हमरस्त्याला मिळते. मेंढरांच्या मागोमाग, मेंढरांच्या चालीनं, आम्ही गेलो. मागच्या काचेतून नाना दिसेना झाला तरी काठी दिसत होती, आणि काठी दिसेना झाली तरी तिचं टोक.

लग्न हुकलं. पाणी मात्र वाटेत जिथं जिथं नानानं सांगितलं होतं तिथं तिथं होतं.